साळवे मॅडमची पहाटेची डाक

आमच्या महाविद्यालयाची स्मरणिका गेल्या दिवाळीत घरी आली. वनस्पतिशास्त्र विभागाच्या पानावर एक वाक्य आहे: "काही काळ महाविद्यालयात संगणकीय टपालाची सोय होती, प्रा. साळवे यांनी केलेल्या खासगी वापरामुळे ती बंद झाली." हे लिहिणाऱ्या तरुण प्राध्यापकाचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी लिहिलं. ते खरं नाही हे दोनच माणसांना ठाऊक होतं, एक साळवे मॅडम आणि दुसरा मी. मॅडम दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या काळात मी त्या महाविद्यालयाचा प्राचार्य होतो.

वत्सला साळवे मूळच्या पारनेर तालुक्यातल्या. वडील प्राथमिक शिक्षक, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. काष्टीजवळच्या आमच्या महाविद्यालयात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायला आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. उंच, काटक, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, कारण दर आठवड्याला मुलांना घेऊन कुणाच्या ना कुणाच्या बागेत चिखल तुडवायचा असे. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असायची. कुणी लांबण लावली की त्या हात उलटा करून ती पाहायच्या, आणि समोरच्याला दिसेल अशा पाहायच्या. स्टाफरूममध्ये त्या फारशा कुणाला आवडत नव्हत्या. मराठीच्या सरांना त्यांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सर, तुमच्या अर्जात तीन नमस्कार आहेत आणि मुद्दा एक. तोही शेवटच्या ओळीत."

देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था एकमेकींना जोडणारं एक जाळं सरकारने उभं केलं होतं. त्यात काही महाविद्यालयांनाही प्रायोगिक म्हणून घेणार होते. तसं परिपत्रक आमच्या फलकावर लागलं. परिपत्रक वाचणारं माणूस आमच्याकडे एकच होतं. मॅडमनी अर्ज तयार केला, मी न वाचता सही केली, आणि काही महिन्यांनी पुण्याहून एक संगणक आणि वहीएवढी चपटी पेटी आली. ती पेटी म्हणजे मोडेम. ग्रंथालयामागच्या खोलीत मोडके बाक रचलेले होते. ते मॅडमनी स्वतः ओढून बाहेर काढले.

कामाची पद्धत अशी होती. ज्याला जे विचारायचं असेल त्याने कागदावर लिहून द्यायचं. मॅडम दिवसभरात ते टाइप करून ठेवत. पहाटे तारा मोकळ्या असताना आमचं यंत्र पुण्याच्या एका संस्थेतल्या मोठ्या संगणकाला फोन लावायचं, साठलेला मजकूर द्यायचं, आमच्या नावाचा आलेला घ्यायचं आणि फोन ठेवायचं. पुण्याहून तो मजकूर दिल्ली, बंगळूर, मद्रास, पार समुद्रापलीकडे जायचा. मॅडम त्याला डाक म्हणत. गावात भाड्याच्या खोलीत राहत असल्याने त्या टॉर्च घेऊन अंधारात चालत यायच्या, कारण फोन लागला नाही तर पुन्हा लावायला कुणीतरी हवं.

महाविद्यालयात फोन एकच. त्याच लाईनवरचं दुसरं यंत्र, पॅरलल, माझ्या निवासात होतं. पहिल्याच आठवड्यात मी पहाटे उठून सवयीने रिसीव्हर उचलला. आत शिट्टी आणि खरखर ऐकू आली. मी दोनचार वेळा "हॅलो, कोण बोलतंय?" असं विचारलं आणि ठेवून दिला. थोड्याच वेळात दार वाजलं. साळवे मॅडम टॉर्च विझवत उभ्या होत्या.

"सर, फोन उचललात का?"

"उचलला. लाईनमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय."

"बिघाड नव्हता. कोइमतूरहून उत्तर येत होतं. निम्मं आलं आणि तुम्ही हॅलो म्हणालात."

माझी पत्नी कमल आतून हसत बाहेर आली. तिने मॅडमना आत बोलावून चहा दिला, आणि तेव्हापासून रोज झोपताना परकराची जुनी नाडी घेऊन रिसीव्हर बांधून ठेवायला लागली. उजाडल्यावर ती गाठ सोडायचा मान तिचा. आमच्या शिक्षण संस्थेच्या सचिवांचा फोन वाजला तरी मला आधी गाठीशी झटापट करावी लागे. कमलला हृदयाचं दुखणं होतं, बाहेर पडणं जवळपास बंद झालं होतं. मॅडम डाक काढून परत जाताना तिच्याजवळ पाच मिनिटं टेकायला आणि तिला काकू म्हणायला लागल्या. तिच्याजवळ बसल्यावर त्या घड्याळ पाहत नसत.

मॅडमचं स्वतःचं संशोधन लिंबाच्या डिंक्या रोगावर होतं. आमच्या भागात लिंबाच्या बागा पुष्कळ. एक दिवस शेजारच्या वाडीतले दगडूआबा लिंबाची एक फांदी आणि पिशवीभर माती घेऊन थेट ग्रंथालयात आले.

"मॅडम, ही तेवढी तुमच्या मशिनीतनं धाडा. तिकडं मोठं शास्त्रज्ञ हायती म्हनं."

"आबा, यातून फांदी जात नाही. फांदीबद्दल लिहिलेलं जातं."

"मंग लिव्हा. पर नीट लिव्हा. झाड रडतंय असं लिव्हा."

"डिंक गळतोय असं लिहिते. कुठून गळतोय? जमिनीपासून किती वर?"

"ह्ये गुडघ्याइतकं."

"बुंध्याला माती लावलीय?"

"लावलीया की. वाऱ्यानं हलतंय म्हनून चांगली वरपतूर लावली."

"आणि पाणी?"

"पानी बी तिथंच देतो. तिथंच न देऊन कुटं द्यायचं?"

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. माझा समज होता की त्या तिथल्या तिथे उपाय सांगतील, त्यांचाच विषय होता. पण त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटतं ते बरोबर असेलही. पण लिंबावर आयुष्य घालवलेली माणसं विदर्भात बसलीत आणि आता ती एका पहाटेच्या अंतरावर आहेत. अंदाजाने कशाला सांगू?" उत्तर आलं. बुंध्याची माती काढा, पाणी खोडाला लागू देऊ नका, बाहेरून आळं करा, डिंक खरवडून मोरचूद-चुन्याची पेस्ट लावा. आबांनी केलं. बरीच झाडं वाचली, काही गेली. गेलेल्या झाडांचाही तपशील मॅडमनी विदर्भात कळवला. नंतर आबा पोतंभर लिंबं घेऊन आले तर म्हणाल्या, "मी काही केलं नाही, टाइप केलं." आबा म्हणाले, "व्हय, पर त्यांची लिंबं त्या मशिनीतनं जात न्हाईत न्हवं, म्हनून तुमाला." पोतं स्टाफरूममध्ये वाटलं गेलं. ज्यांना मॅडम आवडत नव्हत्या त्यांनीही पिशव्या भरून लिंबं नेली.

हळूहळू तालुक्यातली माणसं यायला लागली. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ताप न उतरणाऱ्या एका मुलीबद्दल विचारलं. दक्षिणेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने सविस्तर उत्तर पाठवलं, मुलीला लगेच पुण्याला हलवा म्हणून. हलवलं, पण मुलगी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या दूरच्या डॉक्टरांना तसं लिहिलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "कशाला मॅडम? त्यांना उगाच वाईट वाटेल." मॅडम म्हणाल्या, "त्यांनी अर्धी रात्र जागून लिहिलं असेल. पुढच्या वेळी त्यांना आणखी लवकर ओळखता यावं, म्हणून कळवायचं." नंतर त्या दोन डॉक्टरांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून आमच्या तालुक्यातल्या तापाची नीट नोंद होऊ लागली.

हे सगळं नियमात बसत होतं की नाही, हा प्रश्न मॅडमनीच पहिल्यांदा काढला होता. सोय अभ्यास आणि संशोधन यांसाठी होती. त्यांनी पुण्याला विचारून घेतलं. उत्तर आलं, शेती आणि आरोग्याचे प्रश्न अभ्यासाचेच आहेत, जरूर पाठवा. घरगुती पत्रव्यवहार मात्र नको. त्यावर त्या इतक्या कडक झाल्या की ग्रंथपालांनी भाच्याच्या लग्नाचं बंगळूरला कळवायला दिलेलं आमंत्रण त्यांनी परत केलं. "क्षेमकुशल पोस्टाने पाठवा. इथून काम जातं."

आता माझ्याकडे येतो. आमचा मुलगा श्रीधर तेव्हा अमेरिकेत शिकत होता. पत्राला जाऊन येऊन महिना लागे, फोनवर कमलला बोलताना धाप लागे आणि तिकडे तो ती धाप ऐके. त्याच्या विद्यापीठात अशी डाक पोचते हे त्याच्या पत्रातूनच कळलं. मी मॅडमना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आठवड्याला एक पत्र श्रीधरला पाठवत जा.

"सर, हे नियमात बसत नाही."

"मी प्राचार्य आहे. मी परवानगी देतो."

"लेखी द्याल?"

"एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला? मी आहे ना."

त्या दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "काकूंसाठी पाठवते."

दर आठवड्याला त्या कमलच्या पलंगाशी बसून ती सांगेल ते लिहून घेत आणि इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत. तीन नमस्कारांवरून मराठीच्या सरांना बोलणाऱ्या या बाईंनी कमलचा एक शब्दही कधी गाळला नाही. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली हेही अमेरिकेला गेलं. उत्तर आलं की त्या ते छापून आणत आणि वाचून दाखवत. कमल ते उशीखाली ठेवी. त्या काळात तिची तब्येत सुधारली असं मी म्हणणार नाही, पण ती दिवस मोजायची ते डाकेचे.

प्रायोगिक मुदत संपली तेव्हा सोय कायम करायची की काढून घ्यायची हे ठरवायला पुण्याहून एक अभियंता आले. तरुण, सभ्य गृहस्थ. माझ्या केबिनमध्ये बैठक झाली. संस्थेचे सचिव मुद्दाम हजर राहिले होते. माझं निवृत्तीचं वय झालं होतं आणि मुदतवाढीचा माझा अर्ज त्यांच्याकडे होता. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतोय.

अभियंत्यांनी आधी कौतुकच केलं. लिंबाचं, तापाचं सगळं त्यांना माहीत होतं. म्हणाले, एवढ्या छोट्या ठिकाणी असा उपयोग आम्हाला अपेक्षित नव्हता, ही जोडणी कायम राहावी अशी माझी शिफारस असेल. मग त्यांनी एक शंका काढली. मजकूर काय होता ते पुण्याला दिसत नव्हतं, फक्त कुठून कुठे गेलं एवढं दिसत होतं. साळवे मॅडमच्या खात्यावरून अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याच्या खात्याकडे नियमित पत्रं गेली आहेत. विद्यार्थी अभियांत्रिकीचा, मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. "प्राचार्यांच्या परवानगीने काही असेल तर तसं मी नोंदवतो आणि यापुढे नको एवढं सांगून विषय संपवतो," ते म्हणाले. "फक्त मला कळायला हवं. कुणाची पत्रं आहेत?"

मॅडम म्हणाल्या, "माझ्या खात्यावरून गेलीत. टाइप मी केलीत."

"पण कुणाची?"

"ते सर सांगतील."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सचिवांच्या भुवया वर गेल्या होत्या. मी म्हणालो, "मला चौकशी करावी लागेल."

एवढंच बोललो. आयुष्यभर हे वाक्य मी शंभर कागदांवर लिहिलं असेल, त्या दिवशी ते तोंडातून आपोआप आलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीकडे पाहत होत्या. सचिव हसून म्हणाले, "असतील मॅडमचे कुणी पाहुणे तिकडे. आता यांचे लोक पण जातात की अमेरिकेला." हे 'यांचे लोक' म्हणजे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाचं आडनाव असतं तर सचिवांनीच आणखी दोन प्रश्न विचारले असते. मी तेव्हाही बोललो नाही. चहा आला. अभियंत्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मी चौकशी केली नाही, कारण चौकशी करण्यासारखं काही नव्हतं. महिन्याभरात पुण्याची माणसं येऊन पेटी घेऊन गेली. सत्र संपताच मॅडमची बदली संस्थेच्या पाथर्डी तालुक्यातल्या शाखेत झाली. तो आदेश सचिवांचा, पण त्याखाली सही माझी आहे. मला मुदतवाढ मिळाली.

कमलला मी सांगितलं होतं, यंत्र बिघडलंय. जाण्याआधी मॅडम तिचा निरोप घ्यायला आल्या. मी तिथेच होतो. कमलने विचारलं, "वत्सला, कधी गं दुरुस्त होणार ते? श्रीधर वाट बघत असेल."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या वेळी त्या एका वाक्यात सगळं सांगू शकत होत्या, आणि तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हेही लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, "हो काकू, बिघडलंय. जुनं यंत्र होतं." मग कमलचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या.

नंतर दगडूआबा एकदा दुसऱ्या बागेतली फांदी घेऊन आले आणि कुलूप पाहून परत गेले. डॉक्टरांचा पत्रव्यवहार पोस्टावर आला आणि मग थांबला. कोइमतूरच्या संशोधकाबरोबर मॅडमचा निबंध व्हायचा होता, तो झाला नाही. तालुक्याच्या गावात इंटरनेटचं दुकान निघायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि तिथे पहाटे कुणाचं उत्तर येऊन थांबलेलं नसायचं.

मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या नगरच्या एसटी स्टँडवर. मी निवृत्त झालो होतो. शनिवारची दुपार होती आणि त्या पुण्याच्या फलाटावर बाकावर बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा. मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ फिरवतील असं वाटलं होतं. त्यांनी सरकून जागा केली.

"जेवण घेऊन निघालात?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेल्या फ्लॉपी होत्या आणि लोकांनी प्रश्न लिहून दिलेले, घडी केलेले कागद. पाथर्डीच्या शाखेत एक संगणक होता, फोन नव्हता. मॅडम महिनाभर माणसांचे प्रश्न टाइप करून फ्लॉपीवर घेत आणि महिन्यातून एकदा एसटीने पुण्याला जाऊन त्याच अभियंत्यांच्या संस्थेतून पाठवत. आलेली उत्तरं घेऊन परत. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा कशी टिकवावी, हे तिथल्या एका शिक्षकाने विचारलं होतं आणि गुजरातेतून कुणीतरी उत्तर दिलं होतं.

"तिथं फोन लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण एसटी लागते. महिना लागतो एवढंच."

मग त्यांनी कमलची चौकशी केली. मी सांगितलं, मार्गशीर्षात गेली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "श्रीधर येऊ शकला?"

"नाही. नंतर आला."

त्यांनी पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "सांगा, त्याला काय लिहायचं. उद्या पाठवते. आता मला नियम विचारणारं कुणी नाही."

मी सांगायला लागलो. "लिहा, आईची सगळी पत्रं साळवे मॅडमनी माझ्या परवानगीने पाठवली होती. बैठकीत मी ते कबूल केलं नाही, आणि त्यात..."

पेन थांबलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"हे माझ्या अक्षरात नको, सर."

"मग मी लिहितो."

"श्रीधरला लिहून काय उपयोग? त्याने कुठे लाईन तोडली?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी बदली आज ना उद्या झालीच असती. माझ्याशी कुणाचं जमत नव्हतं, ते मलाही माहीत आहे. पण तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर लाईन राहिली असती. ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. सचिवांना सांगा. आबांना सांगा."

मी कागदावर कमलच्या शेवटच्या दिवसांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि परत दिला. त्यांनी न वाचता घडी करून डब्यात ठेवला. त्यांनी सांगितलेल्यांपैकी सचिवांना मी कधीच सांगितलं नाही, ते गेले. आबाही गेले. आता जे वाचतील त्यांना सांगतोय.

पुण्याची गाडी लागली. खिडकीजवळ जागा मिळवून मॅडम बसल्या. कंडक्टर डबा वरच्या फळीवर ठेवायला निघाला तर त्यांनी त्याला अडवलं. "वर नको, पत्रा तापतो." तो म्हणाला, "मावशी, भाजी काय इटती का लगेच?" त्यांनी डबा मांडीवर घेतला, पदर त्यावर ओढला आणि आतून एक कागद काढला. गाडी फलाटावरून मागे येऊन वळली तेव्हा मी हात वर केला. त्यांनी वर पाहिलं नाही. मान खाली घालून त्या वाचत होत्या, आणि तो कागद माझा नव्हता.